हे कसं करतात? – ताल टिपणारी तार

शाळेच्या मैदानावर लेझीम खेळताना काय होतं? हलगी कडाडते, सर आकडे म्हणतात आणि ठेक्यावर पन्नास जण एकदम वाकतात. एखादा गडी अर्ध्या मात्रेनं जरी मागे राहिला, तरी अख्ख्या रांगेत नेमका तोच डोळ्यांत भरतो. होय की नाही?

आता असं समजा, की हलगीच्या जागी एक उंच यंत्र आहे. त्याला पडदा आहे, स्पीकर आहेत आणि समोर बटणं आहेत. गाणं सुरू झालं की पडद्यावर वरून छोट्या छोट्या पट्ट्या खाली सरकू लागतात. पट्टी तळाच्या रेषेला टेकली रे टेकली, की त्याच क्षणी तिचं बटण दाबायचं. लवकर दाबलं तरी गुण कमी, उशिरा दाबलं तरी गुण कमी. यंत्राकडे दयामाया नाही! अशा खेळांना म्हणतात ‘रिदम गेम’, म्हणजे आपल्या भाषेत तालाचे खेळ.

हे खेळ वाढले जपानमध्ये. तिथल्या कोनामी कंपनीनं १९९७ साली ‘बीटमेनिया’ नावाचा खेळ गेम पार्लरमध्ये आणला. त्याला पाच बटणं आणि एक फिरवायची तबकडी होती. १९९८ साली आला ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’. यात हातांनी नाही, पायांनी खेळायचं! पायाखाली चार बाण असतात आणि पडद्यावरचा बाण सांगेल तिथे पाय टाकायचा. १९९९ मध्ये सात बटणांचा ‘बीटमेनिया टू-डीएक्स’ आला. २००१ साली नामको कंपनीचा ‘ताइको नो तात्सुजिन’ आला. ताइको म्हणजे जपानी ढोल. खेळणारा दोन टिपऱ्यांनी खराखुरा ढोल बडवतो. सेगा कंपनीचं २०१२ सालचं ‘माइमाइ’ तर लांबून पाहिलं की कपडे धुण्याचं यंत्रच वाटतं. गोल पडदा आणि त्याच्या भोवती बटणं!

आता खरी गोष्ट. समजा, जपानमधल्या एखाद्या मुलीनं महिनोन् महिने सराव केला आणि एके दिवशी अवघड गाण्यात एकही चूक न करता पूर्ण गुण मिळवले. ती कुणाला दाखवणार? घरचा खेळ असता तर घरीच चित्रीकरण केलं असतं. पण हे यंत्र पार्लरच्या मालकाचं, पेटी कुलूपबंद. घरी नेता येत नाही आणि उघडताही येत नाही. मग या खेळाचं चित्रीकरण करतात तरी कसं? चला, एकेक पद्धत पाहू.

पहिली पद्धत : पाठीमागून कॅमेरा

सगळ्यांत सोपी युक्ती म्हणजे खेळणाऱ्याच्या मागे तिकाटणं उभं करायचं आणि त्यावर कॅमेरा किंवा मोबाइल लावायचा. सोपी खरी, पण तिच्यात चार अडचणी आहेत.

पहिली अडचण डोक्याची! खेळणारा नेमका पडद्याच्या समोर उभा असतो. त्याचं डोकं चित्रात येतं आणि काचेवर पार्लरमधल्या दिव्यांची चमकही पडते.

दुसरी अडचण जुन्या पडद्यांची. आई-बाबांना विचारा. पूर्वी दूरदर्शनवर एखाद्या कचेरीतला संगणक दाखवला, की त्याच्या पडद्यावर काळे पट्टे वर-खाली सरकताना दिसायचे. ते का? जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर चित्र एकदम उमटत नाही. ते वरून खाली एकेक ओळ करून रंगवलं जातं, सेकंदाला साधारण साठ वेळा. आपले डोळे फसतात आणि आपल्याला अखंड चित्र दिसतं. कॅमेरा मात्र फसत नाही. त्याची झडप सेकंदाच्या साठाव्या भागाहून कमी वेळ उघडली, तर त्याला अर्धवट रंगवलेलं चित्र मिळतं. उरलेल्या जागी काळा पट्टा! म्हणून जाणकार मंडळी कॅमेऱ्याची झडप बरोबर एक-साठांश सेकंद उघडी ठेवतात. म्हणजे एक पूर्ण चित्र तरी हाती लागतं. नव्या सपाट पडद्यांवर हे पट्टे नसतात, पण कॅमेऱ्याची ठिपक्यांची जाळी आणि पडद्याची ठिपक्यांची जाळी एकमेकींवर पडून पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी उमटते. दुहेरी मच्छरदाणीतून दिव्याकडे पाहा, तशीच नक्षी दिसेल.

तिसरी अडचण आवाजाची. पार्लरमध्ये शेजारी दहा यंत्रं एकाच वेळी कोकलत असतात. आपल्या गाण्यात त्यांचीही गाणी मिसळतात.

चौथी अडचण मोठी गमतीची आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे कॅमेरा यंत्रापासून ३.४ मीटर लांब असेल, तर आवाज त्याच्यापर्यंत पोहोचायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. प्रकाशाला मात्र जवळजवळ काहीच वेळ लागत नाही. ‘एवढ्याशानं काय बिघडतं?’ असं म्हणाल. पण ‘बीटमेनिया टू-डीएक्स’मध्ये सगळ्यांत उत्तम शेरा मिळवायचा, तर बटण योग्य क्षणाच्या अलीकडे किंवा पलीकडे सुमारे एक-साठांश सेकंदाच्या आतच दाबावं लागतं. जिथे हिशेबच इतका बारीक, तिथे शंभरावा भागही थोडाथोडका नाही.

दुसरी पद्धत : थेट तारेतून

आता डोकं लढवा. यंत्राच्या पोटात एक संगणक असतो. तो चित्र तयार करतो आणि तारेतून पडद्याकडे पाठवतो. पडद्यावर उमटलेलं चित्र टिपण्याऐवजी तारेतलंच चित्र पकडलं तर? डोकं आडवं येणार नाही, चमक नाही, काळे पट्टे नाहीत आणि शेजारच्या यंत्राचा गोंगाटही नाही. यालाच ‘थेट चित्रीकरण’ म्हणतात.

पण तारेतून चित्र पकडून तिकडे वळवलं, तर पडदा काळाच राहील आणि खेळणारा खेळणार कसा? म्हणजे एकाच चित्राच्या दोन वाटा करायला हव्यात. एक वाट पडद्याकडे, दुसरी चित्रीकरणाकडे.

नळाला फाटा लावून दोन पाइप जोडले की काय होतं? दोन्हीकडे धार बारीक होते. जुन्या पद्धतीच्या चित्राच्या तारेचंही तसंच. नुसत्या दोन तारा पिळून जोडल्या, तर दोन्हीकडचं चित्र फिकट पडतं. म्हणून मध्ये ‘स्प्लिटर’ नावाची छोटी पेटी लावतात. तिला विजेचा पुरवठा असतो. ती आलेलं चित्र पुन्हा जोरदार करून दोन्हीकडे सारखंच पाठवते. खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही, की आपल्या चित्राला जुळा भाऊ झाला आहे.

पुढचा प्रश्न, हे चित्र साठवायचं कशात? जुन्या काळी साठवायचं साधन म्हणजे व्हीसीआर, त्याच्या त्या जाडजूड कॅसेटा! पण गेम पार्लरच्या यंत्रात लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन वेगवेगळ्या तारांतून जातात. घरच्या व्हीसीआरला मात्र सगळे रंग एकाच तारेत कालवलेले लागतात. शिवाय काही यंत्रं टीव्हीच्या दुप्पट वेगानं ओळी रंगवतात. म्हणून मध्ये आणखी एक पेटी हवी. दुभाषाच म्हणा ना! यंत्राची भाषा ऐकायची आणि व्हीसीआरच्या भाषेत सांगायची. मग डीव्हीडीवर टिपणारी यंत्रं आली. आज संगणकाला ‘कॅप्चर कार्ड’ जोडतात. ते तारेतलं चित्र जसंच्या तसं घेऊन संगणकात भरतं. त्यासाठी ‘ओबीएस’सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअरही आहे.

आवाजाचंही असंच करतात. स्पीकरसमोर माइक धरण्याऐवजी स्पीकरकडे जाणाऱ्या तारेतून, नाहीतर इअरफोन लावायची सोय असली तर तिथून आवाज घेतात.

मात्र, हे सगळं कोण करतं? खेळणारी मुलं नव्हे, पार्लरचे मालक आणि त्यांचे कारागीर. जपानमध्ये काही पार्लरवाले एखाद्या यंत्राला अशा तारा आधीच जोडून ठेवतात. त्याला ‘रोकुगा-दाइ’ म्हणतात, म्हणजे चित्रीकरणाचं यंत्र. खेळणाऱ्यानं यायचं, खेळायचं आणि आपला खेळ सोबत घेऊन जायचं. टोकियोच्या ताकादानोबाबा भागातलं ‘मिकादो’ नावाचं पार्लर तर आपल्या यंत्रांवरचे खेळ इंटरनेटवर थेट दाखवण्यासाठीच प्रसिद्ध आहे.

इथे एक सक्त ताकीद! जुन्या काचेच्या पडद्याच्या आत वीस हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ आत दबा धरून बसतो. घरी माळ्यावर जुना टीव्ही असेल, तर त्याचं मागचं झाकण उघडण्याचा विचारही मनात आणू नका.

चला, थोडं गणित करू

पाटी-पेन्सिल घ्या. आजच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार करा : २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग, म्हणून प्रत्येकी ३ बाइट. झाले ६२,२०,८०० बाइट. हे झालं फक्त एका चित्राचं. सेकंदाला अशी ६० चित्रं. एकूण ३७,३२,४८,००० बाइट, म्हणजे एका सेकंदाला सुमारे ३७३ मेगाबाइट! दोन मिनिटांचं एक गाणं टिपायला जवळजवळ ४५ गिगाबाइट जागा लागेल. चार गाण्यांत घरातला संगणक तुडुंब.

मग यावर तोड काय? सिनेमाचं चलतचित्र वहीच्या कोपऱ्यावर काढलंय ना तुम्ही? माणूस पळतो, पण मागचं झाड तेच असतं. दर पानावर झाड पुन्हा काढायचा कंटाळा येतो, हो ना? संगणकही तसाच आळशी. मागच्या चित्रापेक्षा यात काय बदललं, तेवढंच तो लिहून ठेवतो. यालाच ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात. अशानं सेकंदाला दीड-दोन मेगाबाइटमध्येही काम भागतं.

पण तालाच्या खेळात मोठी पंचाईत होते. इथे झाड स्थिर नसतंच मुळी! पट्ट्या वेगानं सरकतात, मागे रंगीत चित्रं नाचतात, दिवे चमकतात. जवळजवळ सगळंच बदलत असतं. मग काटकसर केली, की चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात आणि पट्ट्या पुसट होतात. बातम्या टिपायला जेवढी जागा पुरते, तेवढी या खेळाला पुरत नाही, ती यामुळेच.

आणखी एक. यंत्र सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल आणि आपण ३०च टिपली, तर निम्मी चित्रं गळाली. ‘बीटमेनिया टू-डीएक्स’चं २०१९ साली आलेलं नवं यंत्र तर सेकंदाला १२० चित्रं दाखवतं. त्यातली ६० टिपली, तरी पुन्हा निम्मीच!

पण हात कुणाचे?

थेट चित्रीकरण स्वच्छ असतं, अगदी आरशासारखं. पण त्यात एक गोष्ट दिसतच नाही. कुठली, सांगा पाहू? बरोबर! खेळणारा दिसत नाही. पडद्यावर पूर्ण गुण दिसले, तरी ते कुणाच्या हातांनी मिळवले हे तार सांगत नाही. आणि चित्र खऱ्या यंत्रातून आलं, की संगणकावरच्या नकलेतून, हेही नुसतं पाहून सहज कळत नाही.

हा वाद प्रत्यक्षात झालेला आहे. तो तालाच्या खेळाबद्दल नव्हता, ‘डाँकी काँग’ या १९८१ सालच्या जुन्या खेळाबद्दल होता. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध खेळाडूनं दहा लाखांच्या वर गुण मिळवल्याच्या चित्रफिती होत्या आणि त्या थेट तारेतून घेतल्या आहेत असं सांगितलं गेलं होतं. व्हिडिओ गेमच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ‘ट्विन गॅलेक्सीज’ या संस्थेनं २०१८ साली निकाल दिला, की हे चित्र मूळ यंत्रातून आलेलं नाही. कशावरून? एक पायरी संपून दुसरी सुरू होताना चित्र पडद्यावर कसं उमटतं, ते त्यांनी एकेक चित्र थांबवून तपासलं. संस्थेनं त्या खेळाडूचे विक्रम काढून टाकले. खेळाडूनं आरोप नाकारला. २०२० साली गिनीज बुकानं त्याचे विक्रम पुन्हा मान्य केले. प्रकरण कोर्टात गेलं आणि जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही बाजूंत तडजोड झाली. त्याचे गुण ‘ट्विन गॅलेक्सीज’च्या जुन्या नोंदींच्या संग्रहात पुन्हा ठेवण्यात आले. पाहा, एका चित्रफितीवरून केवढं रामायण! माणसाची आयुष्यभराची मेहनत आणि नाव, दोन्ही पणाला लागलं.

म्हणून तालाच्या खेळातले अनेक चांगले खेळाडू दुहेरी चित्रीकरण करतात. पडद्याचं चित्र थेट तारेतून आणि हातांचं चित्र वर बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यातून. मग दोन्ही एकत्र जोडतात. मोठ्या चौकटीत पडदा, कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत हात. दोन्ही जुळवायचे कसे? सुरुवातीला एक बटण ठळकपणे दाबायचं. हाताच्या चित्रात बोट खाली गेलं तो क्षण आणि पडद्याच्या चित्रात उजेड झाला तो क्षण, हे दोन्ही एकाखाली एक आणायचे. सिनेमाच्या चित्रीकरणात पाटी ‘टक्’ करून आपटतात ना, तीही याचसाठी. हातांचं चित्र नवशिक्यांनाही फार उपयोगी पडतं. कुठलं बोट कुठे गेलं, हे पाहूनच तर शिकता येतं. तबला शिकताना गुरुजींच्या बोटांकडे बघतात, तसं.

यंत्रं जातात, चित्रफिती उरतात

‘एवढा खटाटोप एका खेळासाठी?’ असं कुणी विचारील. त्याचं उत्तर ऐका. जपानच्या मार्व्हलस कंपनीनं २०१९ साली ‘वाक्का’ नावाचा तालाचा खेळ आणला. त्यात गोल कड्यावर हात फिरवून खेळायचं. ऑगस्ट २०२२ अखेर त्याची ऑनलाइन सेवा बंद झाली. त्यानंतर गुण जपून ठेवणं थांबलं, नवी गाणीही थांबली. खेळावर जीव लावणाऱ्यांनी तीन वर्षं जे कमावलं, ते डोळ्यांसमोरून गेलं. पार्लरं बंद होतात तशी यंत्रंही जातात. टोकियोच्या अकिहाबारा भागातली सेगाची एक प्रसिद्ध इमारत ऑगस्ट २०२० मध्ये बंद झाली, इकेबुकुरोची सप्टेंबर २०२१ मध्ये.

पुस्तक छापलेलं असतं, त्याची प्रत कुठेतरी सापडते. पण गेम पार्लरचा खेळ एकदा बंद पडला, की तो कसा दिसायचा, कसा ऐकू यायचा आणि लोक तो किती सुंदर खेळायचे, हे सांगायला चित्रफितीच उरतात. आजीच्या ओव्या कुणी टिपून ठेवल्या नाहीत, तर त्या आजीबरोबरच जातात. तसंच हे. म्हणून ज्यांनी एखादं गाणं नीट, स्वच्छ टिपून ठेवलं, त्यांनी फक्त स्वतःची शाबासकी टिपली नाही. एक खेळच जपून ठेवला.

चार नियम लक्षात ठेवा

आपल्याकडच्या मोठ्या मॉलमध्येही पायांनी खेळायची नाचाची यंत्रं कुठेकुठे दिसतात. तिथे मोबाइल काढण्याआधी हे आठवा.

१. आधी परवानगी. जपानमध्येही अनेक पार्लरमध्ये चित्रीकरणाला मनाई असते. तिथल्या काकांना किंवा ताईंना विचारा. ‘नाही’ म्हणाले तर नाही.

२. दुसऱ्यांचे चेहरे टिपू नका. कुणी खेळत असेल, कुणी नुसतं उभं असेल. त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं चित्र घेणं बरं नव्हे.

३. वाटेत तिकाटणं नको आणि रांग मोडणं नको. तुमच्या चित्रीकरणापायी दुसऱ्याचा नंबर जाऊ नये.

४. गाणं कुणाचं तरी असतं. ज्यानं ते रचलं, त्याचा त्यावर हक्क असतो. म्हणूनच इंटरनेटवर टाकलेल्या चित्रफितीचा आवाज कधी कधी बंद केला जातो. त्यात रागावण्यासारखं काही नाही.

करून पाहा

प्रयोग पहिला : दोन मोबाइल घ्या. एकावर सेकंदाचे शंभरावे भाग दाखवणारं घड्याळ सुरू करा आणि दुसऱ्यानं त्याचं चित्रीकरण करा. मग ते एकेक चित्र पुढे सरकवत बघा. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं टिपत असेल, तर दोन चित्रांमध्ये घड्याळ साधारण ३ आकडे पुढे गेलेलं दिसेल. मधले आकडे कुठे गेले? गळाले!

प्रयोग दुसरा : मैदानावर मीटरपट्टीनं किंवा दोरीनं ३४ मीटर अंतर मोजा. एका टोकाला मित्रानं ताट आणि पळी घेऊन उभं राहायचं, दुसऱ्या टोकाहून तुम्ही चित्रीकरण करायचं. मित्रानं ताटावर पळी जोरात मारावी. नंतर चित्र सावकाश बघा. पळी ताटाला आधी लागते आणि ‘ठण्ण’ मागाहून ऐकू येतं, सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागानं. म्हणजे ३० चित्रांच्या हिशेबानं तीन चित्रं उशिरा. आवाज रेंगाळतो, हे डोळ्यांनी पाहायची ही नामी संधी!

आई-बाबांसाठी दोन शब्द

मूल मोबाइलवर खेळाच्या चित्रफिती बघताना दिसलं, की आपण चटकन ओरडतो. वेळेला मर्यादा हवीच, त्यात दुमत नाही. पण एकदा शेजारी बसून विचारा, ‘हे टिपलं कसं असेल रे?’ त्या एका प्रश्नात प्रकाश, ध्वनी, गुणाकार आणि प्रामाणिकपणा, सगळंच आहे. बघणाऱ्या मुलाला ‘कसं?’ विचारायची सवय लागली, की ते नुसतं बघत बसत नाही. आणि वरच्या दोन्ही प्रयोगांसाठी तुमचा मोबाइल अर्धा तास उसना द्यायला विसरू नका!

जाता जाता एक कोडं. दोन मिनिटांचं गाणं आहे. यंत्र सेकंदाला ६० चित्रं दाखवतं आणि रमाच्या मोबाइलनं सेकंदाला ३०च टिपली. तर पूर्ण गाण्यात एकूण किती चित्रं गळाली? उत्तर वहीत लिहून ठेवा. पुढच्या अंकात ताडून पाहू.